उन्हाच्या मुलखातलं छप्पर

उष्ण प्रदेशातल्या घराची परीक्षा आपण दुपारी घेतो. बाहेर ४४ अंश असताना आत पाऊल टाकलं आणि जिवाला बरं वाटलं, की घर थंड आहे असं म्हणतो. मला ही वेळच चुकीची वाटते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यातल्या घराची खरी परीक्षा रात्री दहाला असते. दिवसभर शेतात, बांधकामावर, दुकानात किंवा चुलीपुढे तापलेलं शरीर तेव्हा जमिनीला टेकतं. त्या वेळी घर निवलेलं असेल तर माणूस झोपतो आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन सोसायला उठतो. नसेल तर उन्हाचे दिवस एकमेकांवर चढत जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री घरातली म्हातारी, आजारी माणसं खचतात. उष्माघाताच्या बातमीत दुपारचं तापमान छापून येतं. ज्या छपराखाली त्या माणसानं आदली रात्र काढली, त्याचा उल्लेख नसतो.

मे महिन्यात नागपूरचं सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंशांच्या आसपास असतं आणि किमान २८ च्या आसपास. म्हणजे कोरड्या मुलखात रोज रात्री आभाळ चौदा-पंधरा अंशांची सूट देतं. सिमेंटच्या उघड्या स्लॅबखाली झोपणाऱ्याच्या पदरात ही सूट पडत नाही. १०-१५ सेंटीमीटर जाडीच्या स्लॅबमधून उष्णता आरपार यायला साधारण तीन-चार तास लागतात. दुपारी दोन-तीनला कडकडीत तापलेला स्लॅब संध्याकाळपासून खालच्या खोलीत ती उष्णता ओतू लागतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ओतत राहतो. बाहेर अंगणात वारा सुटलेला असतो आणि आत पंखा तीच गरम हवा फिरवत असतो. पत्र्याचं उलटं. तो लगेच तापतो, लगेच निवतो, पण दिवसभर घरात थांबणं अशक्य करतो. आज आपल्या उन्हाळी मुलखातली बहुसंख्य नवी घरं या दोन छपरांपैकी एकाखाली आहेत. असं का झालं आणि त्यातून बाहेर कसं पडायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

भिंतीपेक्षा छपराला मी इतकं महत्त्व का देतो, ते आधी सांगायला हवं. महाराष्ट्रात मे महिन्यात 'शून्य सावलीचा दिवस' येतो, लातूरच्या अक्षांशावर महिन्याच्या मध्याला आणि नागपूरला अखेरीस. मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यातच विरते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. पूर्वेची भिंत सकाळी तापते, पश्चिमेची दुपारनंतर, आणि सपाट छप्पर दिवसभर. मेमधल्या एका निरभ्र दिवसात दर चौरस मीटर सपाट जागेवर सहा-सात युनिट विजेइतकी ऊर्जा पडते. पाचशे चौरस फुटांची गच्ची धरली तर हा हिशेब दिवसाला तीनशे युनिटच्या घरात जातो. गावातल्या साध्या कुटुंबाची महिन्याची वीजही अनेकदा यापेक्षा कमी असते. एवढी उष्णता एकदा आत घेतल्यावर ती विजेनं बाहेर काढायची म्हणजे न संपणारा खर्च आहे. ती वरच अडवणं हाच खरा उपाय, आणि आपल्या जुन्या गवंड्यांना तो माहीत होता.

मराठवाडा, सोलापूर, खानदेश आणि पश्चिम विदर्भाच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात त्या उपायाचं नाव माळवद. कुठे त्याला धाबं म्हणतात. लाकडी खांब आणि तुळयांचे खण उभारायचे, त्यांवर आडव्या कड्या, त्यांवर किलचाचा किंवा फळ्यांचा थर, त्यावर पाला आणि मग मातीचा जाड थर. माती साधी चालत नाही, गावठाणातली पांढरी माती लागते, कारण ती पाणी पटकन मुरू देत नाही. खाली दगडाची किंवा कच्च्या भेंड्यांची जाडजूड भिंत, दोन-अडीच फूट किंवा त्याहून जास्त. अशा छपरातून आणि भिंतीतून उष्णतेची लाट आत पोचायला इतका वेळ लागतो की ती आत येण्याआधी रात्र झालेली असते, आणि रात्रीच्या थंड हवेनं माळवदाचा माथा उघड्या आभाळाखाली निवू लागतो. घरातली माणसं उन्हाळ्यात त्याच माळवदावर अंथरुणं टाकायची. दिवसा छपराखाली आणि रात्री छपरावर राहायचं, असं घराचं वेळापत्रकच उन्हाप्रमाणे लावलेलं होतं. मधला चौक रात्रीची थंड हवा साठवायचा, ओसरी भिंतीवर सावली धरायची, आणि अरुंद बोळातली घरं एकमेकांना सावली द्यायची.

छपरावरच उष्णता अडवण्याचा याहून देखणा नमुना औरंगाबादच्या पाणचक्कीत आहे. दुरून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी तिथल्या मोठ्या हौदात येतं, आणि त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छप्पर आहे. जाड खांबांवर पेललेल्या त्या दालनात भर उन्हाळ्यात शिरलं की पाण्याचं छप्पर काय करतं ते कातडीला कळतं. असा हौद प्रत्येक घरावर बांधता येणार नाही हे उघड आहे. पण त्यामागचं तत्त्व आजही कामाचं आहे. सूर्य आणि खोली यांच्यामध्ये असं काहीतरी असावं जे ऊन स्वतः झेलतं आणि पुढे जाऊ देत नाही.

इथपर्यंत लिहून थांबणारी पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. जुनं घर थंड होतं, नवं तापतं, म्हणून जुन्याकडे परत जाऊ या, असा त्यांचा सूर असतो. मराठवाड्यातल्या माणसापुढे असं बोलताच येत नाही, कारण त्याला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती. पहाटे चारला काही मिनिटं असताना किल्लारी परिसरात सहा रिश्टरच्या थोडा वरचा भूकंप झाला. जगाच्या मानानं तो फार मोठा नव्हता. पण लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं त्यात बसली आणि हजारो माणसं गेली. त्यांतली बहुतेक आपल्या घराच्या भिंती आणि छपराखाली गेली. ज्या छपरानं पिढ्यान्‌पिढ्या सावली दिली, तेच अंगावर आलं.

त्यामागचं कारण या पुस्तकाचा कणा आहे, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो. माळवदाला दर एक-दोन वर्षांनी पावसाळ्याआधी मातीचा नवा थर द्यावा लागतो. जुनी माती काढून नवी घालणं कष्टाचं, म्हणून वरच्या वर भर पडत गेली. एक-दोन पिढ्यांत अर्ध्या मीटरपर्यंत माती चढली, तर दर चौरस मीटरला पाऊण टनाहून जास्त वजन झालं. खालची भिंत दिसायला बुरुजासारखी होती, पण तिच्या पोटात काय होतं? बाहेरून एक दगडी पदर, आतून एक दगडी पदर, आणि मध्ये मातीत टाकलेले गोटे-चिपा. दोन्ही पदरांना एकत्र बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन हलली तसे पदर सुटे झाले, फुगले आणि कोसळले. जिथे छप्पर लाकडी खणांवर स्वतंत्रपणे पेललेलं होतं, तिथे भिंती पडूनही खांब आणि माळवद उभं राहिल्याची उदाहरणं आहेत. भार भिंतीवर आणि भिंत सुटी, अशी जोडी जिथे होती तिथे सर्वनाश झाला.

किल्लारीनंतर दोषी ठरली ती माती. माझ्या मते हा निवाडा चुकला. २००१ च्या २६ जानेवारीला कच्छमध्ये किल्लारीपेक्षा कितीतरी मोठा भूकंप झाला, तेव्हा तिथल्या 'भुंगा' म्हणवल्या जाणाऱ्या मातीच्या गोल घरांपैकी नीट बांधलेले पुष्कळ भुंगे टिकले. त्यांच्याही भिंती मातीच्याच. पण गोल भिंतीला सुटा कोपरा नसतो, आणि वरचं छप्पर गवताचं, हलकं. घर पाडणारी गोष्ट असते अवजड माथा आणि न बांधलेली भिंत, मग ती कशाचीही असो. मातीच्या आणि साध्या दगड-विटांच्या घरांना भूकंपात टिकण्याजोगं कसं करायचं याची भारतीय मानकं, आयएस १३८२७ आणि आयएस १३८२८, १९९३ सालीच निघाली. त्यांचं सार दोन वाक्यांत मावतं. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला. जोत्यावर, दाराच्या माथ्यावर आणि छपराखाली चारी भिंतींना घट्ट कवेत घेणारी पट्टी फिरवा. ही पट्टी काँक्रीटची असेल किंवा लाकडाची, ती असायलाच हवी. आज कोणी मातीचं 'इको' घर बांधायला निघालं आणि त्याच्या नकाशात ही पट्टी नसेल, तर ते काम मला घोर बेजबाबदार वाटतं. जुन्या घराची थंडाई हवी असेल तर त्याचा अवजड माथा आणि सुटी भिंत मागे सोडावीच लागेल.

भूकंपानंतर काय झालं हेही तितकंच शिकवणारं आहे. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. हे काम प्रचंड होतं आणि ज्यांनी ते केलं त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण नवी गावं चौकटीच्या आखणीवर उभी राहिली. रुंद सरळ रस्ते, एकमेकांपासून सुटी घरं, बोळाची सावली नाही, सलग ओसऱ्या नाहीत. माणसांनी हळूहळू आपापल्या परीनं त्यात भर घातली, समोर मांडव टाकले, छपऱ्या काढल्या, झाडं लावली. भीतीनं दगड सोडलेला माणूस पत्र्याकडे वळला, आणि हाती पैसे आले तसा स्लॅबकडे. भूकंपापासून सुटका झाली पण उन्हापुढे घर उघडं पडलं. खरं तर माळवदाचा शेवट त्याआधीच सुरू झाला होता. सागवान परवडेनासं झालं, माती चढवणारे हात शहरात गेले, आणि पावसात गळणारं घर कुणाला नको होतं. किल्लारीनं त्या शेवटावर शिक्का मारला.

मग जुनं आणि नवं यांची सांगड घालायची कशी? हा प्रश्न आपल्याच मातीत १९३६ साली विचारला गेला होता. गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, तेच पुढे सेवाग्राम झालं, आणि मीराबहेनच्या देखरेखीखाली तिथे जवळपासच्या साहित्यातून घरं उभी राहिली. माती-बांबूच्या भिंती, कौलारू छप्पर, खाली उतरलेल्या वळचणी, ओसरी. बापूकुटी आजही वर्ध्याच्या उन्हाळ्यात जाऊन पाहावी. तिच्यात साधेपणाचं दर्शन घेणारे पुष्कळ असतात. मला तिच्यात बांधकामाची बारीक जाण दिसते. वळचण इतकी खाली आणलेली आहे की डोक्यावरचं ऊन भिंतीला शिवत नाही आणि मातीची भिंत पावसातही भिजत नाही. त्याच वर्ध्यात पुढे देवेंद्रकुमारांनी उभ्या केलेल्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या निमुळत्या, पोकळ कवेलूंची कमान वापरात आणली. एक कवेलू दुसऱ्यात बसतं आणि त्यांची ओळ कमान बनून खोली झाकते. पोकळीतली हवा उष्णता अडवते, लाकूड लागत नाही, लोखंड फार थोडं लागतं आणि कुंभाराला काम मिळतं. ही कमान आपल्या गावागावांत पोचली नाही याची मला मनापासून खंत आहे.

गांधीजींचं असं म्हणणं होतं की घर पाच मैलांच्या परिघातल्या साहित्यातून उभं राहावं. ही गोष्ट मनात धरून राहिलेला माणूस म्हणजे लॉरी बेकर. बर्मिंगहॅममध्ये १९१७ साली जन्मलेला हा वास्तुविशारद चाळीसच्या दशकात मुंबईत जहाजाची वाट पाहत थांबला असताना गांधीजींना भेटला आणि पुढे जन्मभर भारतातच बांधत राहिला. त्याचं मोठं काम केरळात, म्हणजे दमट हवेत झालं. त्यामुळे त्याची जाळीदार भिंत जशीच्या तशी अकोल्याला आणता येत नाही. तिथे भर दुपारी लू आत घेणारी जाळी कुणालाच नको असते. मात्र त्याच्या दोन युक्त्या आपल्या हवेत अधिकच उपयोगी आहेत. एक म्हणजे रॅट ट्रॅप बाँड. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिश्शानं वाचतात आणि पोकळी ऊन अडवते. दुसरी फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, तो भार लोखंड उचलतं. मग तिथे काँक्रीट भरण्याऐवजी मंगळुरी कौलांची जोडी बसवायची. वजन कमी, सिमेंट कमी आणि कौलांच्या मधली हवा फुकट.

अहमदाबादेत याच प्रश्नाला दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिली. चार्ल्स कोरिया यांनी १९६१-६२ मध्ये गुजरात हाऊसिंग बोर्डासाठी 'ट्यूब हाऊस' आखलं. अरुंद, लांबट घर, आणि उतरतं छत असं की तापलेली हवा त्याच्या पोटाखालून वर सरकून माथ्यावरच्या फटीतून निघून जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. बाळकृष्ण दोशी, जे जन्मानं पुण्याचे, यांनी १९८० च्या सुमारास 'संगथ' हे आपलं कार्यालय अर्धं जमिनीत उतरवलं आणि त्याच्या कमानी छतांवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा चायना मोझेक लावला. हे मोझेक आपल्याकडेही गच्च्यांवर पूर्वी सर्रास दिसायचं. फरशीच्या दुकानातला भंगार माल, गवंड्याचे काही दिवस आणि वर्षानुवर्षं पांढरी राहणारी गच्ची. एवढ्या स्वस्तात मिळणारी आणि इतकी टिकणारी दुसरी उष्णतारोधक गोष्ट मला माहीत नाही.

इजिप्तच्या हसन फतींचं उदाहरण मी सावधगिरीसाठी घेतो. लक्झरजवळ नव्या गुर्नासाठी त्यांनी १९४५ पासून मातीच्या विटांचे घुमट आणि कमानी उभारल्या. आधाराशिवाय कमान रचण्याचं न्युबियातल्या गवंड्यांचं कसब त्यांनी जपलं, हवा पकडणारे झरोके परत आणले. पण ज्यांच्यासाठी गाव बांधलं ते बहुतांश तिथे गेलेच नाहीत. त्यांची उपजीविका जुन्या गावालगतच्या प्राचीन थडग्यांशी जोडलेली होती. शिवाय घुमटाचं घर त्यांच्या नजरेला कबरीसारखं दिसत होतं. दुसऱ्या मुलखाची परंपरा आपल्यावर लादली तर तीही काँक्रीटइतकीच परकी असते.

म्हणूनच या पुस्तकाची हद्द मी आखून घेतली आहे. हे पुस्तक कोरड्या उन्हाच्या मुलखाचं आहे. कोकण आणि मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे मे महिन्यात दिवस-रात्रीच्या तापमानात सहा-सात अंशांचाच फरक पडतो, हवा ओलसर असते आणि जाड भिंतीला निवायला रात्र पुरत नाही. तिथे हवं उतरतं कौलारू छप्पर, भोवती पडवी आणि घरातून आरपार वाहणारा वारा. रत्नागिरीचं घर जालन्यात आणि जालन्याचं रत्नागिरीत उभं करणं म्हणजे दोघांवरही अन्याय.

आज कोरड्या मुलखात घर बांधणाऱ्यानं नेमकं काय करावं, याचं उत्तर पुढच्या प्रकरणांत तपशिलानं येतं. त्याचा गाभा इथे सांगतो. माळवद तीन कामं एकट्यानं करायचं. ते भार पेलायचं, ऊन अडवायचं आणि पाणी अडवायचं. तिन्ही कामं एकाच जड मातीकडे दिल्यामुळे वजन वाढत गेलं. आपल्याला ही कामं वेगळी करता येतात. भार पेलायला पट्ट्यांनी बांधलेल्या भिंतींवरचा पातळ स्लॅब किंवा कवेलूंची कमान. त्यावर उष्णता रोखणारा हलका थर, किंवा स्लॅबला पेलवत असेल तर आपल्या गवंड्यांना पाठ असलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा. सगळ्यात वर पांढरा पृष्ठभाग. आणि शक्य असेल तिथे त्याहूनही वर, हात-दोन हातांवर, सावली. विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडाशी अंगणात पाल्याचा मांडव घालतात. हल्ली गच्चीवर लोखंडी सांगाड्यावर सौर पॅनल बसवतात, त्यांच्या खालून वारा खेळतो आणि स्लॅबला सावली मिळते. वीज मिळते हे खरंच, पण त्या सावलीचा हिशेब कुणी करत नाही, तो करायला हवा.

भिंतींपैकी पश्चिमेची सर्वांत महत्त्वाची. ती जाड असावी, पोकळीची असावी किंवा तिच्याकडे न्हाणीघर, कोठी, जिना असावा. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या विटा विदर्भात सहज मिळतात, त्या रॅट ट्रॅपमध्ये छान बसतात. खिडक्यांबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. रात्री खिडकी उघडी राहिली नाही तर वरचं सगळं वाया जातं, आणि ती उघडी राहत नाही याला माणसांचा आळस कारण नसतो. चोर, डास आणि साप ही कारणं असतात. गज आणि बारीक जाळी यांचा खर्च घराच्या अंदाजपत्रकात स्लॅबच्या बरोबरीनं धरला पाहिजे. जुन्या घरात माळवदाला साणं असायचं, उजेडाचं आणि धुराचं भोक. वर तापलेली हवा तिथून निघून जायची. नव्या घरात माथ्याजवळचा झरोका तेच काम करतो.

जुन्या घराबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ते बायकांच्या कष्टावर उभं होतं. दर सणाला सारवण, पावसाळ्याआधी माती वाहणं, अंधाऱ्या धुरकट सोप्यात चुलीपुढे बसणं. ज्या घराची देखभाल एका माणसाचा जन्म खाते ते टिकाऊ कसं म्हणायचं? सोलापुरात हजारो बायका घरात बसून विड्या वळतात, त्यांच्यासाठी घर हाच कारखाना आहे आणि त्या कारखान्याला उन्हाळ्यात सुट्टी नाही. त्याच शहराजवळ रे नगरात कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत आखली गेली आणि त्यातली पहिली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. एकाच नकाशावर इतकी घरं उभी राहतात, तेव्हा छपराबद्दलची नकाशातली एक ओळ हजारो बायकांच्या दुपारी ठरवते.

सरकारी घरकुलांचंही तेच. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आणि सपाट प्रदेशातलं अनुदान १ लाख २० हजार रुपये राहिलं आहे. त्यात माणूस काय बांधणार? शिवाय योजनेच्या भाषेत मातीची भिंत म्हणजे 'कच्चं' घर, गरिबीचा पुरावा. पट्टी फिरवलेली, नीट दाबलेली मातीची भिंत पक्की असते हे कागदाला पटेपर्यंत लाभार्थी ती बांधणार नाही आणि गवंडी ती शिकणार नाही. दुसरीकडे केंद्र सरकारच्याच ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' काढली. छपरातून किती उष्णता आत येऊ द्यायची याची मर्यादा तिनं घातली आहे, आणि उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहूनही पलीकडे जातो. संहिता मोठ्या प्रकल्पांसाठी आहे. घरकुलाला तिच्यातली निदान छपराची अट लावावी आणि तिच्यासाठी लागणारे पैसे अनुदानात मिळवावेत, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

हे तातडीचं का, ते भारताच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यावरून कळतं. त्या वेळी देशातल्या जेमतेम आठ टक्के घरांत एसी होता, आणि २०३७-३८ पर्यंत देशाची थंडाव्याची एकूण गरज सुमारे आठ पटींनी वाढेल असा अंदाज आराखड्यात आहे. एसी आपली उष्णता गल्लीत टाकतो. ज्याच्याकडे एसी नाही त्याची रात्र शेजाऱ्याच्या एसीनं आणखी तापते. विदर्भातला कूलर त्या मानानं भला, कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. पण त्याला पाणी लागतं, आणि पाणी सर्वांत कमी असतं तेव्हाच ते सर्वांत जास्त लागतं. मृगाच्या आधीच्या दमट आठवड्यांत तर तोही हात टेकतो. मशीन हवीच आहेत, पण चांगल्या छपराखालच्या खोलीत तीच मशीन निम्म्या वेळात काम भागवतात. अहमदाबादनं मे २०१० च्या लाटेत शेकडो माणसं गमावल्यावर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचं काम त्यात घेतलं. एवढं तर महाराष्ट्रातली कोणतीही नगरपरिषद पुढच्या उन्हाळ्याआधी करू शकते.

पुस्तक वास्तुविशारदांसाठी आहे तसं गवंड्यांसाठी आणि घर बांधायला निघालेल्या कुटुंबांसाठीही आहे, म्हणून आकृत्या मोठ्या ठेवल्या आहेत आणि मापं फूट-इंचांतही दिली आहेत. ते पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. ज्यांचं जोतंही अजून झालेलं नाही त्यांनी आधी भूकंप-पट्ट्यांचं प्रकरण वाचावं आणि गवंड्याला वाचून दाखवावं. ती पट्टी नंतर घालता येते, पण फार महाग पडते. ज्यांचा स्लॅब आधीच पडला आहे त्यांनी शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. त्यातलं पहिलं काम होळीच्या आत उरकण्याजोगं आहे. गच्ची झाडून धुवायची, भेगा भरायच्या, त्या वाळू द्यायच्या आणि चुन्याचे दोन हात मारायचे, दुसरा हात पहिल्याला काटकोनात. दर वर्षी ते पुन्हा करावं लागतं. मोझेकचे पैसे जमेपर्यंत ते चालेल.